पाचवीचं पाणी

भूत असतं का, हे मला विचारू नका. मी वॉटरप्रूफिंगवाला माणूस, वरकुट्याचा सिद्धू. ओल दिसली की ती कुठून आली एवढंच मी बघतो. पण पिंपळीतल्या हिंदुरावांच्या बंगल्यात जे घडलं, ते कुठून आलं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शहाण्णव साल असेल. माडीवरची न्हाणी गळायची आणि तिच्या बरोबर खाली बाळंतिणीची खोली. जुनी फरशी उखडून मी सिमेंटचा कोबा केला, तो घट्ट झाल्यावर मोरीचं भोक बोळा कोंबून बंद केलं, न्हाणीत पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. पाणी रेघेवर टिकलं तर काम पक्कं.

त्याच दिवशी हिंदुरावांच्या सुनेच्या, स्वरूपाच्या बाळाची पाचवी होती. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं. घरी आणलं तेव्हा बरं होतं, पण सकाळपासून दूध ओढत नव्हतं, अंग गार पडत चाललेलं. हिंदुराव डॉक्टरला आणायला जीप घेऊन बारामतीला गेले होते. स्वरूपाचं पहिलं मूलही पाचवीलाच गेलेलं. घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

हिंदुरावांच्या मंडळी, कुशाबाई, माझ्याकडं आल्या. सटवाई न्हाणीतच पुजायची, पाणी मोरीतनं वाहिलं पाहिजे, बोळा काढा म्हणाल्या. मी वैतागलो. म्हटलं, आज बोळा काढला तर सगळ्या कामाची माती होईल. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की घरातलं प्रत्येक पोर हिंदुरावांच्या आत्यांनी, नकोशी त्यांचं नाव, याच न्हाणीत न्हाऊ घातलं. पाय लांब करून बसायच्या आणि नडग्यांवर पोर घ्यायच्या. स्वतःचं एकही नव्हतं. त्या वारल्या आणि त्यानंतरचं पहिलंच पोर गेलं.

"आत्याच न्हेत्यात का काय, असं वाटतं वो..."

मी जिन्यात भाकरी खात बसलो. टळटळीत दुपार होती. तेवढ्यात वरून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज आला. कोणी माझा बोळा काढला म्हणून मी तणतणत वर गेलो. बाहेरून कडी लावलेली, तशीच होती. आत पाणी सावकाश पडत होतं आणि कोणीतरी म्हातारं गळ्यातल्या गळ्यात गुणगुणत होतं. मी कडी काढली... आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. वेखंडाचा वास दाटला होता आणि सकाळी भरलेल्या गार पाण्यातनं वाफ निघत होती. बोळा जागच्या जागी, तरी पाणी रेघेच्या खाली गेलेलं. सगळीकडं बारीक लाटा होत्या. फक्त मधोमध दोन लांब पट्टे अगदी स्थिर होते.

कुशाबाई माझ्या मागं कधी आल्या कळलं नाही. त्यांनी पदर पसरला.

"आत्या... अंघूळ घाला, पर न्हेऊ नगा. आमाला ठेवा त्याला."

खालून टाहो फुटला. बाळाचा. आम्ही धावलो. बाळ आईला घट्ट बिलगून हावऱ्यासारखं दूध ओढत होतं. अंगाला ऊब होती, जावळ ओलं होतं. स्वरूपा म्हणाली, तिला क्षणभर डुलकी लागली होती, बस. मग डॉक्टर आले, तपासून म्हणाले, छान आहे की. मला रडू आलं, त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी बोळा मी स्वतःच काढला आणि पूजा झाली. खालचं छत कोरडं ठणठणीत होतं.

सकाळी फरशी बसवायला गेलो. कोबा कधीच घट्ट झालेला, छिन्नीशिवाय फुटला नसता. त्यात मधोमध दोन लांब खळगे पडले होते, शेजारी शेजारी, गुळगुळीत. मी हात लावला. गरम होते.

मी भरायला सिमेंट कालवू लागलो, तर कुशाबाईंनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. उद्या बसायला जागा लागंल त्यास्नी."