खांदा मोकळा होईपर्यंत

लाइन गेली नसती तर ही दोघं एकमेकांना कधी भेटलीच नसती.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या एका फिजिओथेरपी दवाखान्यात मशीनची खोली वेगळी आणि उर्वशी बिसेनची खोली वेगळी. मशीनच्या खोलीत पेशंट ओळीने पडलेले असत, कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या कमरेला पट्ट्या चिकटवलेल्या, आणि रिसेप्शनवरची नीतू येता-जाता बटणं फिरवून जायची. उर्वशीच्या खोलीत एक टेबल, एक उशी आणि उर्वशीचे दोन हात. दवाखान्याचे मालक पटलेसर गमतीने म्हणायचे, "मॅडमची खोली जुन्या जमान्यातली." गमतीनेच म्हणायचे, पण दर महिन्याला ती गंमत जरा कमी होत चालली होती.

धान कापणीचे दिवस होते. दुपारी पंखे थांबले, मशिनींची घरघर बंद झाली, आणि नीतू दारात आली. "मॅडम, जरा पाहता का? तो कोहमाऱ्यावाला पट्ट्या काढून जाऊन राहिला. म्हणते, लाइन येईपर्यंत बस निघून जाईल."

उर्वशी थंड पाण्याची बाटली अंगठ्याच्या मुळाशी धरून बसली होती. तिथे हल्ली सारखं ठणकायचं. दिवसभर दुसऱ्यांची आखडलेली अंगं सोडवायची, आणि संध्याकाळी स्वतःला पोळी लाटता येऊ नये! आणखी एक पेशंट घ्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती. तरी ती उठली, कारण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

खाटेच्या कडेला एक उंच, सावळा तरुण बसला होता. खांद्यावरून वायरी लोंबत होत्या आणि तो एका हाताने शर्टाच्या बटणांशी झटत होता.

"मशीन बंद पडली मॅडम," तो म्हणाला. "का मीच बंद पडलो, समजून नाही राहिलं."

"हात वर करा."

"वर होत असता तर कोहमाऱ्यावरून कायले आलो असतो?"

हसू आलं, ते तिने दाबलं. त्याचं नाव लोकेंद्र रहांगडाले. कोहमाऱ्याच्या चौकात त्याचं बी-खताचं दुकान होतं. पावसाळ्यात ट्रॉलीवरून खताची पोती उतरवताना तो पडला आणि खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला, हात झोळीत बांधून ठेवला, आणि झोळी सुटली तेव्हा खांदा आखडून गेला होता. हात छातीच्या वर जाईना. शर्ट आई घालून द्यायची.

उर्वशीने एक तळवा त्याच्या पाठीच्या खवाट्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने दंड धरला आणि सांध्याचं हाड खोबणीत हलकेच खाली सरकवलं. ओढलं नाही, रेटलं नाही. थांबली, पुन्हा सरकवलं. त्याची बडबड बंद झाली.

"दुखते?"

"दुखते... पण चांगलं दुखते." त्याने डोळे मिटले. "मॅडम, एक सांगू? पडल्यापासून इतके डॉक्टर झाले. फोटो काढला, मशीन लावली. हात लावून कोणी पाह्यलंच नाही."

"हात लावायले टाइम लागते," उर्वशी म्हणाली. "अन् टाइम कोणाजवळ नाही."

"तुमच्याजवळ आहे?"

"माझ्याजवळही नाही. लाइन गेली म्हणून आहे."

लाइन कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. नीतू दारात दोनदा खाकरली तेव्हा पंखा फिरताना दिसला. लोकेंद्रचा हात तोवर चांगला वीतभर वर चढला होता, आणि बस केव्हाच निघून गेली होती.

त्या दिवसापासून तो उर्वशीच्या खोलीत यायला लागला, मंगळवारी आणि शुक्रवारी. येताना थंडीने कान लाल झालेले, आणि तोंडात काहीतरी गमतीचं बोलणं तयार ठेवलेलं.

"घरी भिंतीवर बोटं चढवता का? सांगितलं होतं."

"चढवतो ना. आई म्हणते, घर रंगवून राहिला का रे?"

"हसू नका. खांदा हलते."

"मंग तुमी हसवू नका."

"मी कुठं हसवून राहिली?"

"तुमी गंभीर तोंड करता ना, त्याचंच हसू येते."

हात वर चढत होता. आधी कानाच्या पाळीपर्यंत आला, मग एके दिवशी त्याने स्वतः शर्ट घातला आणि आईने शेजारी पेढे वाटले. उर्वशीला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, सुख वाटलं. मंगळवारी सकाळी आपण केस धुतो आणि बुधवारी धुवायचा कंटाळा करतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. पण ध्यानात आलेली प्रत्येक गोष्ट मान्य करायलाच हवी असं थोडंच आहे?

आणि मग तो खांदा अडला. कानाशी आला आणि तिथेच थांबला. एक आठवडा, दुसरा, मग पौष लागला तरी तिथेच. उर्वशीने सगळे उपाय केले. कधी सांध्याच्या मागून, कधी बगलेकडून, कधी मानेपासून सुरुवात करून. हात जरा वर नेला की मधेच खांदा घट्ट व्हायचा. आज इथे, परवा तिथे. आखडलेला सांधा असा जागा बदलत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तिच्या हातांनाही ते जाणवत होतं. पण तिने विश्वास कुणावर ठेवला नाही? आपल्याच हातांवर. अंगठा ठणकतो, बोटं बधिर पडतात, नीट कळत नसेल, असं तिने धरून घेतलं.

पटलेसरांनी नेमकं तेच पकडलं. "मॅडम, त्या रहांगडालेचं पहा. एवढे दिवस हात लावून काय झालं? तेवढ्यात मशीनवर पन्नास पेशंट निघाले असते. संक्रांतीनंतर तुमची खोलीही मशीनले देतो. तुमी मशीनच सांभाळा... तुमचेही हात वाचतील."

दुसरा एक रस्ता होता. नागपूरच्या एका मशीनच्या कंपनीने तिला विचारलं होतं. गावोगावच्या दवाखान्यांत जाऊन मशीन कशी लावायची ते दाखवायचं. पगार बरा, अंगठ्याला आराम. महिनाभर तिने उत्तर दिलं नव्हतं. आता तिने मनाशी ठरवलं, हा एक खांदा मोकळा झाला तर इथेच राहायचं आणि सरांशी भांडायचं. नाहीच झाला, तर आपले हात संपले. मग नागपूर.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. लोकेंद्रला तर नाहीच.

त्या शुक्रवारी तो आला तो डोळे तांबडे करून. खरेदी केंद्रावर घरच्या धानाचा नंबर लागायचा होता आणि रात्रभर पोत्यांपाशी जागायला घरात दुसरं कोणी नव्हतं. तो टेबलावर आडवा झाला. खिडकीतून ऊन त्याच्या छातीवर पडलं होतं. उर्वशीने हात धरला आणि काम सुरू केलं. आज तो काही बोलला नाही. उद्या नागपूरला होकार कळवायचा, हे तिचं ठरलं होतं.

हात कानाशी आला. ती सवयीने थांबली. पण आज काही अडलं नाही. तिने आणखी थोडा नेला... आणखी थोडा. हात डोक्यावरून मागे गेला आणि उशीवर अलगद टेकला.

लोकेंद्र घोरत होता.

उर्वशी तशीच उभी राहिली. तिने तो हात खाली आणला, पुन्हा वर नेला. कुठे कण्हणं नाही, कुठे आडकाठी नाही. खांदा केव्हाच बरा झाला होता. तिच्या हातांना जे कळत होतं ते सगळं खरं होतं. आधी तिला रडू आलं, आणि त्याच्या मागोमाग असा राग आला की तिने टेबलावर थाप मारली.

तो दचकून उठला. आपला हात कुठे आहे ते त्याने पाहिलं आणि घाईघाईने खाली घेतला. मग त्याचं त्यालाच कळलं की आता उशीर झालाय.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मॅडम..."

"कधीपासून धरून ठेवत होता?"

"पेढे वाटले ना... त्याच्या पुढच्या आठवड्यापासून." तो जमिनीकडे पाहत राहिला. "हात पुरा वर गेला का तुमी म्हणणार, आता येऊ नका. मंग मी इथं कायले येऊ? दुखत नाही, खुपत नाही, तरी गोंदियाले काऊन जातो, घरी काय सांगू?"

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकून ती लाजली असती. आज नाही.

"मी उद्या नागपूरच्या कंपनीले हो म्हणणार होती," ती म्हणाली. "मले वाटलं, माहे हात गेले. सर तुमचंच नाव घेऊन रोज ऐकवत होते. रात्र-रात्र झोपली नाही मी, का याच्या खांद्यात मले काय समजून नाही राहिलं. अन् तुमी इथं मजा करून राहिले."

त्याचा चेहरा उतरला. "मले हे माहीतच नव्हतं."

"विचारलं होतं का कधी? जा. तुमचा खांदा बरा झाला. आता तुमी माहे पेशंट नाही."

तो शर्ट घालून उठला. बटणं आज चटाचटा लागली. दाराशी थांबला, आणि मग बाहेर गेला. उर्वशी खुर्चीत बसली. इतकी थकली होती की रागसुद्धा फार वेळ धरता येईना.

बाहेरून त्याचा आवाज आला.

"पटलेसर, एक मिनिट."

ती दारापर्यंत गेली. बाहेरच्या खोलीत बाकांवर पेशंट गच्च बसले होते, सर नीतूच्या टेबलापाशी उभे होते, आणि सगळ्यांच्या मधोमध लोकेंद्रने तोच हात सरळ वर केला होता. बोटं जवळजवळ पंख्याला लागत होती.

"हा हात मॅडमनं कधीच बरा केला होता," तो म्हणाला. "मी ढोंग करत होतो. आज टेबलावर झोप लागली अन् पकडला गेलो. तुमी त्यांना बोल लावून राहिले, तो त्यांचा दोष नव्हता. माहा होता."

गुडघ्यांसाठी येणाऱ्या सुशिलाबाई काठीवर हनुवटी टेकवून म्हणाल्या, "बरा होता, तं येत काऊन होता रे बाबू?"

लोकेंद्रचा हात वरच राहिला. कान आता थंडीशिवायच लाल झाले. नीतूने ओढणी तोंडाशी धरली. बाकावर कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि सुशिलाबाईंना उत्तर मिळालं.

"सर," त्या म्हणाल्या, "मले मशीनवर नका टाकू. मले या पोरीकडेच पाठवा. झोपलेल्या अन् जागलेल्या दोघांचंही समजते तिले."

"माहाही नंबर तिकडेच लावा," कमरेवाला एक जण म्हणाला.

सरांनी चष्मा पुसला, नीतूकडे पाहिलं, उर्वशीकडे पाहायचं टाळलं. "खोलीचं संक्रांतीनंतर पाहू," ते म्हणाले. भांडायचा विषय संपला नव्हता, पण भांडायची हिंमत आता उर्वशीजवळ होती. संध्याकाळी तिने नागपूरला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

दवाखाना बंद करून ती निघाली तेव्हा तो रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी उभा होता. ती त्याच्याकडे गेली नाही असं नाही; जरा वेळ लावून गेली, आणि चहा घेऊन बाकड्यावर बसली.

"बस नाही मिळाली?"

"तीन सोडल्या." तो हसला नाही. "माफी मागायची होती. पेशंट म्हणून नाही... पेशंट तं मी नाही आता."

"राग गेला नाही माहा."

"जाऊ द्या हळूहळू. मी थांबतो. रविवारी कचारगडाले येता का? गुंफेपर्यंत चढण आहे थोडी."

"माहे पाय नाही थकत," ती म्हणाली. "हात थकतात."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. त्याने आपला हात पुढे केला, टपरीच्या बाकड्यावर उघडा ठेवला आणि तसाच राहू दिला... घ्या म्हणाला नाही, की काही नाही.

उर्वशीने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि आपला हात त्याच्या तळव्यावर टेकवला. तिने हाड चाचपलं नाही, स्नायू दाबून पाहिला नाही, कुठे दुखतं ते विचारलं नाही. नुसता हात ठेवला आणि बसून राहिली.