रविवारचा वर्ग

"तुम्ही दोघं जुळे आहात काय?" खिडकीतल्या नंदिनी मॅडमनी विचारलं, आणि मी शेजारच्या माणसाकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

वर्ध्यातलं मुक्त विद्यापीठाचं केंद्र. बारावी नसलेल्यांनी आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, पास झालं की थेट बी.ए.ला प्रवेश. त्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. माझ्या आणि त्यांच्या, दोन्ही दाखल्यांवर जन्मतारीख एकच — एक जुलै.

"जुळे कायचे, मॅडम," ते हसले. "आमच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाले एकाच दिवशी जन्माले घातलं. माय म्हणते, मी कापूस वेचायच्या दिवसांतला."

"अन् मी हुरड्याच्या," मी बोलून गेले... आणि उगाच लाजले. पस्तिसाव्या वर्षी!

मी छाया. नववीत शाळा सुटली. सावंगीला मेडिकलच्या मुलींच्या मेसमध्ये पंधरा वर्षं पोळ्या लाटतेय. माझ्या हातचं वरण खाऊन किती पोरी डॉक्टर होऊन गेल्या, मी आपली तव्यापाशीच. वसतिगृहाची रेक्टर व्हायचं तर पदवी लागते, आणि मला ते व्हायचंच होतं. ते आदेश. बोरगावला मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान, आठवी पास, माझ्यासारखेच बिनलग्नाचे. हे शेवटचं मी दुसऱ्याच रविवारी काढून घेतलं.

दर रविवारी वर्ग असायचा. शेकडेवारी आली की मला घाम फुटायचा.

"तांब्याची तार डोळ्यापुढं आणा," ते म्हणायचे. "शंभर वेढे. त्यातले वीस जळाले. किती राह्यले?"

तारेच्या वेढ्यांनी मला गणित आलं. त्यांना निबंध मी शिकवायची. ते वहीत कमी, माझ्याकडेच जास्त बघायचे.

"इकडं काय पाहून राह्यले? वहीत पाहा."

"वही कुठं पळून जाते?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

निकाल लागला. मी पास, गणितात चक्क बासष्ट! आणि ते... मराठीत नापास. त्या दिवसापासून फोन उचलेनात. प्रवेश मिळाला, वह्या आणल्या, पण त्या बाकावर एकटीनं बसायला मन घेईना. माणूस असा हातचा जाऊ द्यायचा? आठवडाभर थांबले, मग सरळ बोरगावची ऑटो पकडली.

दुकानात ते एका मोटारीत डोकं खुपसून बसले होते.

"फोन काऊन नाई उचलत?"

"काय बोलू? तुम्ही आता कॉलेजवाल्या."

"मी शिकवलेल्या मराठीत नापास कसे झाले, ते बोला."

"निबंधातच सगळा वेळ गेला. बाकीचे प्रश्न राहूनच गेले."

"विषय काय होता?"

"माझा आवडता दिवस." ते हातातली तार उगाच गुंडाळत राहिले. "रविवार लिहला. मंग लिहतच गेलो... तुम्ही कशा येता, कुठं बसता, गणित चुकलं की कशा ओठ चावता. तीन पुरवण्या लागल्या. तुम्हाले सांगायचं होतं सारं — अन् सांगून बसलो पेपर तपासणाऱ्याले."

मी खळखळून हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. या माणसावर माझा जीव जडला होता, कधीचाच.

"पुढची परीक्षा होईस्तोवर वर्ग सुटला की मी इथं येईन, तुमची मराठी घ्यायले," मी म्हणाले.

"अन् पास झालो की... विचारू तुम्हाले?"

"तेवढं थांबाले मी काही सोळा वर्षांची नाई. त्या तपासणाऱ्याले जे सांगतलं, ते मले सांगा. आत्ता."

त्यांनी कापडाला हात पुसले, माझ्यासाठी स्टूल पुढे केलं आणि सांगायला लागले... तिन्ही पुरवण्यांसकट.