खडूची रेघ

बसा पोरांनो, गाडी निघायला अजून वेळ आहे. टायर बघितलेत, इंजिन बघितलंय. मी मिस्त्री, माझं काम झालं. आता ड्रायव्हर आला की सुटलात. चाललात कुठे? रात्रभर प्रवास करून गुहा बघायला! बघा, बघा. आपल्या गावात कुठे काय आहे बघण्यासारखं, नाही का? हेच वाक्य आणखी एकाच्या तोंडी कायम असायचं. त्याचीच गोष्ट सांगतो. माणूस माझ्या रोजच्या ओळखीचा आहे, तेव्हा मध्येच शंका काढायच्या नाहीत.

तो सहलीच्या बसवर ड्रायव्हर. पायाला भिंगरी लागलेली. धबधबे, किल्ले, समुद्र, सगळं लोकांना दाखवून आलेला. आणि त्याचा बाप आपल्याच गावातल्या टाक्याचा रखवालदार. टेकडीखालचं ते जुनं पाण्याचं टाकं तुमच्यापैकी कुणी बघितलं होतं? ...वाटलंच. जमिनीच्या पोटात दगडी खांबांचं रानच होतं ते. पाणी केव्हाच संपलेलं. आत हाक मारली की खांबाखांबातून फिरून परत यायची. पालिकेने तिकीटही ठेवलं होतं. पण येणार कोण? एखादा वाट चुकलेला पाहुणा, कधी शाळेची पोरं. गावचं माणूस म्हणाल तर औषधालाही नाही.

म्हाताऱ्याची एक पद्धत होती. आत सोडताना प्रत्येकाच्या उजव्या खांद्यावर खडूने रेघ मारायची आणि वर आल्यावर आपल्या फडक्याने ती पुसायची. मागे एकदा शाळेतलं एक पोर अंधारात आतच राहून गेलं होतं, तेव्हापासूनची सवय. ज्याच्या खांद्यावर रेघ आहे तो अजून आतच आहे, असं तो म्हणायचा. शेवटची रेघ पुसल्याशिवाय दाराला कुलूप नाही.

पोराने मात्र तिथे कधी पाऊल टाकलं नाही. "बाबा, अंधारात काय बघायचं? घरची लाइट गेली की दिसतोच की!" असं म्हणून हसायचा. बापही हसायचा. पण माणूस हसून हसून किती हसणार?

मग टाकं बुजवून वर गाड्या लावायची जागा करायचं ठरलं. शेवटच्या दिवशी दुपारी बापाने फोन केला. म्हणाला, "आज तरी ये. तुला एकट्याला दाखवतो." पोरगा गावातच होता, गाडी धूत होता. म्हणाला, "बघतो." आता 'बघतो' म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी समोरच्या चहावाल्याने ऐकलं, म्हातारा आत उभा राहून हाका मारत होता. बाळ्या... बाळ्या... आणि त्याचीच हाक त्याला परत येत होती. रात्री दाराशी, स्टुलावर बसल्या बसल्याच गेला. दार सताड उघडं, हातात खडू.

पुढचा रविवार. नोव्हेंबरातला शेवटचा. माती टाकणारे सोमवारी सकाळी यायचे होते. बापाचा स्वेटर आत खुंटीला राहिलाय, तो घेऊन ये, असं आईने दहादा सांगितलेलं. पहाटे सहल निघायची होती, म्हणून हा रात्रीच गेला. पावणेअकरा वाजले होते. हातात बापाचीच बॅटरी. कुलूप काढलं, वाकून आत शिरला. उजव्या खांद्याला काहीतरी घासलं. चौकट लागली असेल, म्हणून तो पायऱ्या उतरला.

खुंटी सापडली. स्वेटर काढला. वळला... आणि बॅटरी गेली.

अंधार. घरची लाइट गेल्यावरचा नव्हे. हा वेगळा.

"डोकं सांभाळा. पुढे कमान खाली आहे."

बापाचा आवाज. तेच पाठ केलेलं वाक्य. घरी जेवता जेवताही म्हणायचा, आणि हा त्याची नक्कल करायचा.

"आता आपल्या माणसाला हाक मारा."

हा कसाबसा बोलला...

"बाबा?"

हाक फिरून परत यायला हवी होती ना? बाबा, बाबा, बाबा, अशी?

नाही आली.

...

मग लांबच्या खांबामागून, "ओ."

मग जवळच्या. "ओ."

मग पाठीशी. अगदी पाठीशी. "ओ, बाळ्या."

हा पळाला. ठेचकाळत, गुडघे फोडून घेत. मागून पावलं. घाईची नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांची.

"थांब. रेघ पुसतो... थांब रे."

बापच होता तो! ज्याने उभ्या जन्मात पोरावर हात उचलला नाही, तो बाप. क्षणभर थांबायचं होतं फक्त. जिवंतपणी थांबला नाही, निदान तेव्हा तरी...

नाही थांबला. दार ओढलं. कुलूप घातलं.

आतून थाप. हळू. आणखी एक.

मग काही नाही.

सकाळी ट्रक आले, टाकं भरलं. आता वर गाड्या उभ्या असतात. आयुष्यात कधी तिकडे न फिरकलेलं सगळं गाव आता रोज तिथे जातं. मला तर त्या जागेवरून चालवतही नाही.

त्या रात्री बायकोने शर्टावरची रेघ बघितली आणि शर्ट धुवायला टाकला. रेघ गेली. सकाळी त्याने दुसरा घातला, त्यावर रेघ. नवा शिवला, त्यावरही. बरीच वर्षं झाली त्याला. बायको आता पुसायच्या भानगडीत पडत नाही. पुसणार कोण? ज्याचं फडकं, तो आत.

हं... पावलं वाजली. ड्रायव्हर आलाच. त्याला काही विचारायचं नाही, समजलं? गप्प बसा. आत्ताच घरून आलाय, इस्त्रीचा शर्ट आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

वळू दे त्याला गाडीकडे...

उजवा खांदा बघा.