ताठरली

लाल लोकरीचा तुकडा पाठीला टेकला आणि खुर्चीतल्या संघमित्रा जगधनेचा कणा एकदम सरळ झाला. पडद्यावरची रेघ उसळून वर गेली.

"सापडली!" डॉ. मृणालिनी दामले जवळजवळ ओरडल्याच. "इतकी खोल भयखूण मी आजवर पाहिली नाही."

पाचगणीच्या प्रयोगशाळेत 'वस्त्रशुद्धी' प्रकल्पाची ही पहिली मानवी चाचणी होती. परकीय राजवट अंगावरून उतरली, पण आत्म्यावरून उतरली नाही, असं दामले प्रत्येक भाषणात सांगत. संघमित्रा काही बाहेरची रुग्ण नव्हती, यंत्राचं अर्धं गणित तिचंच होतं. पण चारचौघांत बोलायला उभी राहिली की तिचे खांदे झुकत, श्वास अडके, आवाज घशातच बसे. उद्या प्रकल्पाच्या उद्घाटनाला तिलाच बोलायचं होतं.

"मला पुन्हा एकदा सांगा," भूलतज्ज्ञ डॉ. मुकादम म्हणाले. त्यांना सगळ्यातच शंका.

"पूर्वजांच्या देहावर जे खोल बिंबतं, त्याची रासायनिक खूण वंशजांच्या पेशींत उतरते. त्या वेळी अंगाला लागलेलं कापड ही त्या खुणेची किल्ली. कापड टेकवलं की खूण जागी होते, आणि जागी खूण पुसता येते. कायमची."

"ती भीतीचीच आहे हे यंत्राला कसं कळतं?"

"नाही कळत. यंत्र फक्त खोली मोजतं. बाकीचं आपण अंगाकडे बघून ठरवायचं. ताठरली ना ती! हे गोऱ्यांच्या पलटणीतल्या लाल कोटाचं कापड, आणि हिचे पूर्वज त्या पलटणीत शिपाई. फटके, कवायत, गुलामी. आणखी काय असणार?"

"मॅडम," संघमित्रा चाचरत म्हणाली, "मला वाईट नाही वाटलं. उलट श्वास मोकळा झाला."

"भीती सरली की होतोच तो मोकळा."

मुकादमांनी संघमित्राकडे पाहिलं. आयुष्यभर दबून बोलण्याचा तिला उबग आला होता. तिने मान हलवली. "पुसा."

रेघ हळूहळू खाली आली आणि सपाट झाली. दामलेंनी टाळ्या वाजवल्या. संघमित्रा शेजारच्या खोलीत कपडे बदलायला गेली. फोटोसाठी तिने मुद्दाम रुंद काठाची इरकली साडी आणली होती. काठ चांगला दिसेल असंच नेस, असं तिची आई तिला लहानपणापासून बजावत आली होती.

ती बाहेर आली तेव्हा मुकादमांच्या हातातला कप तसाच राहिला.

साडीचा तो रुंद काठ कुठेच दिसत नव्हता. सगळा आत दुमडून निऱ्यांत दडवलेला होता. ती भिंतीला चिकटून चालत होती, खांदे पूर्वीपेक्षाही खाली. दारातून उजेड येत होता, तिथे ती थबकली आणि आपली सावली कुणावर पडू नये म्हणून बाजूला झाली.

दामलेंनी तो दडवलेला काठ ओळखला. त्यांच्याच आजोळच्या गावात दंडक होता, वेशीबाहेरच्या बायकांनी साडीचे काठ दिसू द्यायचे नाहीत. आजी सहज सांगायची, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

"ती ताठरली नव्हती," मुकादम हळूच म्हणाले. "ताठ झाली होती. साहेब काही त्यांचा सगासोयरा नव्हता. पण तो कोट अंगावर असताना हिचे पूर्वज गावातून मान वर करून चालले असतील. खुणा दोन होत्या, दामलेबाई. भीतीची दुसरीच होती, आणि ही ताठ मानेची खूण तिला आजवर आवरून धरत होती. आपण हीच पुसली."

"परत... परत आणता येईल?"

पुसलेली खूण कायमची जाते, हे दामलेंनीच मघाशी सांगितलं होतं.

संघमित्रा आपल्या हातांकडे परक्याच्या हातांकडे बघावं तशी बघत होती. बोटं काठ बाहेर काढायला जात आणि तिथेच थांबत. मग तिची नजर दामलेंच्या पायांवर गेली आणि तिथेच खिळली. दामले खुर्चीजवळ होत्या. आता त्या पार कपाटाला टेकल्या होत्या, आणि आपला पदर त्यांनी अंगाशी घट्ट आवरून धरला होता.

घशात बसलेल्या आवाजात संघमित्राने विचारलं, "मॅडम, तुम्ही मागे का सरकलात?"