आलोच गाडी लावून

चिंचवडच्या नाट्यगृहात रविवारी पाचचा कार्यक्रम असला, तर शहाण्या माणसाने गाडी शनिवारीच नेऊन लावावी आणि रविवारी रिक्षाने जावं. सलिलला हे शहाणपण नेहमीप्रमाणे उशिरा सुचलं. सुट्टी असूनही तो सकाळी चाकणला कंपनीत जाऊन आला होता. पावणेपाचला तो फाटकाशी पोचला, तेव्हा आत मुंगी शिरायला जागा नव्हती.

"तुम्ही दोघी उतरा. मी आलोच गाडी लावून," तो म्हणाला.

त्याची बायको सुखदा उतरली. अकरा वर्षांची इरा मात्र दार धरून उभी राहिली. तिच्या गाण्याच्या क्लासचा हा चौथा वार्षिक कार्यक्रम. आधीच्या तिन्ही वेळा आईशेजारची खुर्ची रिकामी राहिली होती. एकदा ऑडिट, एकदा नाइट शिफ्ट, आणि एकदा कंपनीची बस कुरुळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. दिवाळीपासून पोरगी बापाशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती.

"माझं तिसरं गाणं आहे," ती म्हणाली. "आज नाही आलास ना बाबा, तर परत कधी येऊच नकोस."

पहिल्या फेरीत सलिलला चार पाट्या दिसल्या. चारींवर 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' असा प्रेमळ मजकूर होता. दुसऱ्या फेरीत एका गल्लीत मोकळी जागा सापडली, पण तिथे एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आमचे पाहुणे यायचेत," त्या म्हणाल्या आणि जप करू लागल्या. तिसऱ्या फेरीत अंधारायला लागलं. हिवाळ्यातला धूर रस्त्यावर उतरला, पुढच्या गाड्यांचे लाल दिवे त्यात विरघळू लागले.

जागा न मिळालेल्या लोकांसाठी नाट्यगृहाबाहेर स्पीकर लावले होते. त्यातून निवेदिकेचा आवाज आला, "आता येत आहे, इरा…"

आणि इरा गायला लागली. पहिला सूर किंचित थरथरला. ती प्रेक्षकांत कुणाला तरी शोधतेय, हे बापाला बाहेर बसूनही कळलं. मागे बस, पुढे टेम्पो, दार उघडायचीही सोय नाही. सलिलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "देवा, मी नाही तर नाही," तो पुटपुटला, "पण त्या खुर्चीत कुणीतरी बसू दे रे. पोरीला ती रिकामी दिसायला नको."

पुढच्याच ओळीला इराचा आवाज सावरला. मग असा काही खुलला, की टेम्पोवाल्यानेही हॉर्न वाजवायचं थांबवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सलिलला रडू आलं, आणि आनंदही झाला.

टाळ्या ओसरल्यावर निवेदिका म्हणाली, "एक सूचना. पांढरी गाडी, एमएच चौदा, शेवटचे आकडे त्र्याऐंशी एकोणीस. ही गाडी मागच्या फाटकासमोर लागली आहे. गाडीमालकांनी कृपया ती ताबडतोब काढावी."

सलिल हसला. नंबर त्याचाच होता, आणि ती गाडी तर तो चालवत होता! त्याने सुखदाला फोन लावला.

"अगं, त्या बाईंना सांग, नंबर चुकलाय."

मग ती अगदी हळू म्हणाली, "सलिल… तू आत्ताच उठलास ना, गाडी काढायला?"

"मी? मी अजून रस्त्यावर आहे."

"असं कसं… इराने स्टेजवरून तुला हात केला. तू हात धरून बसला होतास माझा. किती गार पडला होता हात…"

फोन कट झाला. टेम्पो हलताच त्याने गाडी दामटली. तो मागच्या फाटकाशी पोचला, तेव्हा समोरून एक पांढरी गाडी बाहेर पडत होती. त्र्याऐंशी एकोणीस. पुढे सुखदा बसली होती, ताठ. इरा मागून दोन सीटांच्या मधे वाकून हसत काहीतरी सांगत होती. चालवणाऱ्याने ऐकता ऐकता मान तिरकी केली. अंगावर सलिलचाच निळा चौकड्यांचा शर्ट, आणि तोंडही त्याचंच.

"इरा!" तो काच खाली करून ओरडला. सिग्नल लाल झाला. गाडी निघून गेली.

मोशीच्या आपल्या सोसायटीपर्यंत तो कसा पोचला, ते त्यालाच ठाऊक. फाटकावर वॉचमन रंगराव होता. हा रंगराव सलिलला रोज सलाम ठोकणारा. त्याने बॅटरी मारली, तोंड निरखून पाहिलं आणि वही पुढे केली.

"कोणाकडं जायचं साहेब?"

"रंगराव, चेष्टा नको. मी सलिल. तीनशे चार!"

"साहेब तर आत्ताच वर गेले, बाईसाहेब अन् पोरीला घेऊन. ती काय त्यांची गाडी." खरंच, त्याच्या जागेवर गाडी उभी होती. "व्हिजिटर पार्किंग फुल झालंय. बोलून घ्या पाहिजे तर." त्याने इंटरकॉम लावून दिला.

"कोण?" सुखदाचा आवाज.

"सुखदा, मी बोलतोय! वर कोण आहे? इराला घेऊन आधी खाली ये…"

पलीकडून इराची अखंड बडबड, खिदळणं. मधूनच एक पुरुषी आवाज विचारत होता, "मग? पुढे काय झालं?" आवाज त्याचाच होता. हा प्रश्न मात्र त्याने पोरीला कधी विचारल्याचं आठवेना.

"हळू बोल," सुखदा कुजबुजली. "मला माहितीये तू आहेस. त्याने हात धरला तेव्हाच शंका आली मला, तुझा फोन आला अन् कळलं, हा तू नाहीस."

सलिलने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. "मग… मग त्याला वर का नेलंस?"

"ती बोलतेय रे, सलिल. दिवाळीपासून पहिल्यांदा. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बोलतेय…" तिने आवाज आणखी खाली आणला. "आजच्या दिवस गाडी बाहेरच लाव."

रंगरावाने रिसीव्हर त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला आणि फाटकाची कडी लावली.