कूलरचं बूच आणि चावलेलं कडं

“बाबा, तुम्ही त्यांना दाखवलंतच कसं?” उत्तरा एवढ्या जोरात ओरडली की गॅलरीतली कबुतरं उडाली.

“अगं, मुरलीधरकाका काय परके आहेत?” विनायकराव बूट घालत म्हणाले. “नाशिकचे आहेत! दिल्लीत मराठी बोलणारा माणूस भेटला की बरं वाटतं. नोएडाला कूलरचा कारखाना आहे त्यांचा. आमचं यंत्र उघडून बघायला शनिवारी पुन्हा येतायत.”

आमचं! उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला. कूलरच्या टाकीत पाणी साचतं आणि डास होतात. म्हणून सगळी सुट्टी खपून तिने एक बूच बनवलं होतं. पंप चालू असला की त्याच्या दाबाने बूच बंद राहायचं. पंप थांबला की ते उघडायचं आणि पाणी आपोआप कुंड्यांत जायचं. बाबांनी फक्त पाना धरला होता!

बाबा मेट्रोसाठी पळाले आणि समोरच्या फ्लॅटमधला चिन्मय आत आला. “यार, काल तुझे बाबा चहा टाकायला गेले ना, तेव्हा ते काका गुपचूप फोटो काढत होते! टेप लावून मोजतही होते.”

“मग ओरडला का नाहीस, गाढवा?”

“मोठ्या माणसावर?”

“चोरावर!”

भांडतच दोघं नोएडाला अलकामावशीकडे पोचली. लोकांना पेटंट मिळवून देणं हेच मावशीचं काम. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

“आधी अर्ज, मग प्रदर्शन! चारचौघांसमोर आलं की नवेपणा संपतो आणि पेटंट हातचं जातं. हे तुझ्या बाबांना कोण सांगणार?” तिने लगेच फोन लावला आणि विनायकरावांना असं झापलं, की ते ऑफिसातून सरळ तिच्याकडे आले. त्याच दिवशी तात्पुरता अर्ज गेला. सही बाबांची, संशोधक म्हणून नाव उत्तराचं.

“पण ते काका म्हणाले, मी आधीच बनवलं होतं, तर?” चिन्मयने विचारलं. तो पाण्याच्या बाटलीचं निळं कडं चावत बसला होता. उत्तराने ते त्याच्या तोंडातून ओढून घेतलं.

“शी! दे इकडे. हेच बसवते!”

शनिवारी काकांनी यंत्र उघडून बघितलं. बुचावर आता ते निळं कडं होतं. काहीच काम नसलेलं! काकांनी त्याचेही फोटो काढले. विनायकराव मुद्दाम चहा टाकायला आत गेले होते.

पुढच्या महिन्यात मयूर विहारच्या मराठी मंडळाचा मेळावा झाला. काका एक चकचकीत कूलर घेऊन स्टेजवर चढले. “माझी कित्येक वर्षांची मेहनत! लवकरच पेटंट घेतोय.”

उत्तराचे कान तापले. ती तरातरा वर गेली. “काका, हे निळं कडं कशासाठी?”

“ते? पाण्याचा दाब सांभाळायला. त्याच्याशिवाय यंत्र चालणारच नाही, बाळ!”

उत्तराने कडं उपटलं. पंप चालू केला, बंद केला. पाणी भळाभळा खालच्या बादलीत पडलं. काकांचा चेहरा उतरला.

“बिल्कुल चालतं! आणि कड्याला ही खाच का आहे?”

“डि... डिझाईन आहे ते!”

“माझा दात आहे तो!” चिन्मय खालून किंचाळला. “मी चावलं होतं!”

उत्तराने पिशवीतून मूळ कडं काढून शेजारी धरलं. खाच तिथेच, तेवढीच! अख्खा हॉल हसायला लागला. “अर्ज आमचा आधीचा आहे,” पहिल्या रांगेतल्या मावशीने उठून ठणकावून सांगितलं. “तुम्ही केलात, तर हरकत घेऊ.” काका कूलर तिथेच टाकून निघून गेले. जाताना त्यांनी उत्तराकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर घाबरली असती.

“शाब्बास, पोरांनो!” मंडळाच्या अध्यक्षा कौशल्याताई म्हणाल्या.

“शाबासकी पुरे,” मावशी म्हणाली. “वर्षाच्या आत पूर्ण अर्ज करायचाय. मग तपासणी, हरकतींना उत्तरं. पेटंट मिळालं तरी पुढे दरवर्षी फी. विसरलात तर हक्क गेला!”

उत्तरा बाबांकडे बघतही नव्हती. सगळे कौतुक करत होते, पण तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

विनायकरावांनी माईक हातात घेतला. “हे यंत्र माझ्या मुलीचं आहे. मी आमचं, आमचं म्हणत ते परक्याच्या हातात दिलं. उत्तरा, मी चुकलो.”

उत्तराने पटकन तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलेलं तिला चिन्मयला दाखवायचं नव्हतं.