चौथा आकडा

सोमवार, १८ जानेवारी १९६५. सकाळी सात वाजून वीस मिनिटे. कपाटात अहवाल सोळा.

शनिवारी संध्याकाळी नारायणरावांनी स्वतः मोजून सतरा ठेवले होते. तंत्रशिक्षणात तीस वर्षे घालवलेल्या माणसाची मोजणी सहसा चुकत नाही. तरी त्यांनी पुन्हा मोजले. नव्हता तो सहदेवचा.

खामगावच्या या वर्गात पदवीधर अभियंत्यांना इंग्रजीत अहवाल लिहायला आणि बोलायला शिकवत. उच्च शिक्षणाची एकच जागा होती; आधी अहवाल, मग मुलाखत. त्यासाठी बीबी गावाजवळच्या एका बंधाऱ्यावर सतराही जणांनी एकत्र मोजणी केली होती, पण अहवाल ज्याने त्याने आपला लिहून टंकित करायचा होता. नाव फक्त मुखपृष्ठावर. टपाल बारा वाजता निघणार होते. मार्चमध्ये सहदेवचे वय मर्यादेबाहेर जाणार होते. यानंतर त्याला संधी नव्हती.

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक नारायणरावांकडे, दुसरी इंग्रजीचे शिक्षक भगवंतराव यांच्याकडे.

भगवंतरावांनी शांतपणे सांगितले की, रविवारी वर्गातल्या पंजाबरावाने कपाटातली मोजपट्टी काढायला किल्ली मागून नेली होती. कदाचित सहदेवनेच धीर सुटून अहवाल काढून घेतला असेल, असेही ते म्हणाले. तीन वर्षांत या वर्गातून एकाचीही निवड झाली नव्हती. यंदाही झाली नाही तर वर्ग बंद, असे वरून पत्र आले होते. ते पत्र भगवंतराव खिशात बाळगत.

नारायणरावांनी आधी सहदेवला बोलावले. डोणगावचा मुलगा, हातात कड झिजलेले लॉगच्या कोष्टकांचे पुस्तक. स्लाइड रूल, म्हणजे गणिते करायची सरकपट्टी, घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून सगळ्या वर्गात तो एकटाच कोष्टकावरून गणिते करी.

"अहवाल तू काढलास?"

"मी काऊन काढीन, सर? तेवढंच तं होतं माह्याजवळ."

"पुन्हा टंकता येईल?"

"बारापर्यंत चाळीस पानं? नाही जी."

मग पंजाबराव आला. कमरेच्या पट्ट्याला चामडी म्यानातला स्लाइड रूल, तोंडात नागपूरच्या शाळेतले सफाईदार इंग्रजी. लेखणी मात्र आळशी.

"किल्ली घेतली होतीस?"

"हाव. पट्टी काढली, चाबी वापस केली."

"सहदेवच्या अहवालाला हात लावलास?"

"सर, चोरायचाच असता तं माहाच चोरला असता. भगवंतराव सरांनी तीनदा वापस केला. म्हणे, हे वाचून बंधारा फुटीन."

नारायणराव हसले नाहीत. ते सोळाही अहवाल घेऊन बसले आणि सवयीप्रमाणे भाषा सोडून आकडे वाचू लागले. पाण्याचा विसर्ग: १४.३. पुढचा, १४.३. त्याच्या पुढचा, १४.२. तेरावा मात्र १४.२७. पान उलटले. उताराच्या गणितातही चार आकडे. मुखपृष्ठावर नाव पंजाबरावाचे.

साडेदहाला त्यांनी तिघांना खोलीत घेतले.

"स्लाइड रूलवर तीन आकडे भरवशाने वाचता येतात, चौथा अंदाजाचा," ते म्हणाले. "चार आकडे देतात लॉगची कोष्टके. ती वर्गात एकच जण वापरतो. म्हणजे सहदेवचा अहवाल चोरीला गेलेलाच नाही. तो इथेच आहे, पंजाबरावाच्या नावाखाली. मुखपृष्ठ तेवढे बदलले आहे."

पंजाबराव एक पाऊल पुढे आला. "सर, आईची आन, मले काही मालूम नाही."

"ठाऊक आहे. तू बदलले असतेस, तर हे आकडे तुझ्या डोळ्यांत खुपले असते. कोणताही अभियंता आधी आकडे पुसतो, मग नाव. ज्याने हे केले त्याला वाक्ये दिसली, आकडे दिसले नाहीत. या इमारतीत किल्ली असलेला आणि अभियंता नसलेला माणूस एकच आहे. भगवंतराव, पिशवी उघडता?"

भगवंतरावांनी पिशवी उघडली. आत सहदेवचे मुखपृष्ठ होते आणि पंजाबरावाचा मूळ अहवाल. जाळायला त्यांचा हात धजला नव्हता.

"मुलाखत पाच परीक्षकांसमोर आहे, इंग्रजीत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चार महिने मी रोज सहदेवला फळ्यापुढे उभे केले. हा लिहितो तसे कोणी लिहीत नाही. पण चार माणसे दिसली की त्याची वाचा जाते. याचे लेखन आणि पंजाबरावाची जीभ, असा मिळून तरी एक जण जावा, एवढेच मनात होते. हा जाणार नाही, नारायणराव. वर्गही जाईल."

"मले एकदा विचारून तं पाहायचं होतं, सर," सहदेव म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हते.

नारायणरावांनी दोन्ही मुखपृष्ठे आपापल्या जागी टाचली. बारा वाजता सतरा अहवाल टपालात पडले.

फेब्रुवारीत एकट्या सहदेवला मुलाखतीसाठी नागपूरला बोलावणे आले. नारायणराव सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. दहा मिनिटांत दार उघडले.

"सगळं येत होतं, सर," सहदेव म्हणाला. "आकडे बी तोंडावर होते. तोंडच उघडलं नाही."

परतीच्या गाडीत तो लॉगचे पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. नारायणरावांना वाटले, आपण बरोबर तेच केले होते. आणि त्याचा कोणालाही काही उपयोग झाला नव्हता.

मार्चअखेर वर्गाला कुलूप लागले. नारायणरावांनी नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली: अहवाल सतरा, मुलाखत एक, निवड शून्य.